रोलच्या जागी चिप का बसत नाही



मागच्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची मासिक सभा होती. हप्ते जमा झाले, वही मिटली, चहा फिरला, आणि गटातल्या एका वहिनींनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा काढून सतरंजीवर ठेवला. काळा, जड, कडांचा रंग उडालेला. निकॉन कंपनीचा एफएम २. जुना, रोलचा.

वहिनींच्या मालकांचा तालुक्याच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. १९८६ ते २००८ या काळात आसपासच्या वाड्यावस्त्यांची लग्नं, बारशी, दहावीच्या फॉर्मचे फोटो, सगळं त्यांनीच काढलं. पुढं रोल मिळेना, तेव्हा एका छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढत राहिले. तोही बंद पडला. चार वर्षांपूर्वी मालक गेले. वहिनींना दुकान पुन्हा उघडायचं होतं, आणि ते मालकांच्याच कॅमेऱ्यावर. शहरातल्या एकानं त्यांना सांगितलं होतं, "पंधरा हजार द्या, आतलं रोलचं काढून डिजिटल बसवून देतो." त्यातले तीन हजार वहिनी देऊनही आल्या होत्या. राहिलेल्या बारा हजारांसाठी गटाकडं कर्ज मागत होत्या.

कुणी म्हणालं देऊन टाका, कुणी म्हणालं भंगारात पैसे घालू नका. कोपऱ्यातल्या आक्का मात्र कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मोबाईलमध्ये एवढूसा कॅमेरा मावतो. मग या एवढ्या डबड्यात तो का मावणार नाही?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सभेपर्यंत थांबा म्हणालो. इतिहास घेऊन बी.ए. केलेलं, म्हणून शोधाशोध आमच्याच गळ्यात पडली. आज या केंद्रावरून सांगतोय ते आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर. जरा लांबचं आहे, कारण ते सुरू होतं दादरच्या एका घरातून.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोकं न पाडलेली येत असे. भोकं घरी पाडायची, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुणं, रसायनं कालवणं त्या शिकल्या. भांडवलासाठी अंगावरचे दागिने गेले. आणि कंपनीतल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच चुलीवर होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. नाव दादासाहेबांचं झालं, आणि ते योग्यच आहे. पण ती भोकं कुणी पाडली हे शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी वाचलं नव्हतं.

भोकं कशाला लागतात? कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकात अडकतो, फिल्म एक चित्रभर पुढं ओढतो आणि थांबवतो. त्या थांबलेल्या क्षणात भिंगातून उजेड आत येतो. पुन्हा ओढतो, पुन्हा थांबवतो. भोक केसभर इकडंतिकडं पडलं तर पडद्यावर चित्र थरथरतं. म्हणजे सरस्वतीबाई अंधारात बसून जे करत होत्या, त्यावर सगळ्या चित्राचा तोल होता.

कोल्हापुरातही हेच घडलं, जरा वेगळ्या तऱ्हेनं. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांना विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली तो चालता केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचा आधार दिला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. चित्रं रंगवणाऱ्या माणसांनी कॅमेरा घडवला, म्हणजे डबा बनवणं हा काही जगावेगळा पराक्रम नाही. अवघड असतं ते आतलं. फिल्म नेमक्या जागी, सपाट, नेमक्या क्षणी धरून ठेवणं.

आता वहिनींच्या कॅमेऱ्याकडं परत येऊ. सभेनंतर आम्ही त्याचं मागचं झाकण उघडून बघितलं. आत मधोमध एक चौकट आहे, ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. वर-खाली घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्या. झाकणाच्या आतून एक काळी पाटी, तिच्यामागं स्प्रिंग. झाकण लावलं की ती पाटी फिल्मला मागून हलकेच दाबते आणि फिल्म पट्ट्यांवर ताठ बसते. भिंग जिथं अडकवतात त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉनच्या कॅमेऱ्यात ४६.५ मिलिमीटर ठरलेलं आहे. आणि फिल्म किती जाड? मिलिमीटरचा सातवा-आठवा भाग. पापडाहूनही पातळ.

आपल्या गटात शिलाई करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, त्यांना हे लगेच कळेल. मशीनची सुई आणि खालचं शटल यांच्यात केसाएवढा फरक पडला तर टाका सुटतो. मशीन चालतं, आवाज येतो, कापड पुढं सरकतं, पण शिवण होत नाही. कॅमेऱ्यात तसंच. उजेड ज्या पातळीवर एकवटतो तिथंच तो टिपणारा पदर हवा. थोडा मागं गेला की चेहरा धूसर.

चिप पापडासारखी नसते. ती काचेच्या झाकणाखाली बसवलेली असते. पाठीला तिची पाटी, तिला जोडलेल्या तारा, त्यामागं तिला चालवणारं बाकीचं सामान. फिल्मच्या जागी ती ठेवायला गेलं तर पुढची काच कॅमेऱ्याच्या पडद्याला अडते आणि मागचं झाकण लागत नाही. झाकण लागावं म्हणून पट्ट्या घासायच्या, तर ४६.५चं गणित गेलं. मालकांनी बावीस वर्षं जीवापाड जपलेलं तेच.

या अडचणीशी पहिली झुंज झाली ती अमेरिकेत, कोडॅक कंपनीत. तीच कोडॅक, जिच्या पिवळ्या डब्या आपल्या लग्नघरांत रांगत्या मुलांच्या हातात खेळायला असायच्या. १९७५ साली तिथल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं जगातला पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. भिंग घेतलं घरगुती सिनेमा कॅमेऱ्याचं. चित्र जमा करायला घेतली गाण्याच्या कॅसेटची टेप. वजन साडेतीन किलोच्या वर. एक काळंपांढरं चित्र टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे, आणि त्या चित्रात शंभर आडवे, शंभर उभे, असे फक्त दहा हजार ठिपके. एका कॅसेटवर ३० चित्रं मावतील असं त्यानं ठरवलं, कारण लोकांना २४ आणि ३६च्या रोलची सवय होती. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. नवं करणारा माणूससुद्धा जुन्या रोलच्याच हिशोबानं चालला होता.

सॅसननं कॅमेरा नव्यानं जुळवला होता. जुन्या कॅमेऱ्यात चिप बसवून तो बाजारात विकला गेला १९९१ साली. कोडॅकनंच ते केलं, आणि कॅमेरा कुणाचा घेतला? निकॉनचा. एफ ३ नावाचा, आपल्या वहिनींच्या कॅमेऱ्याचा मोठा भाऊ. त्याचं मागचं झाकण निघत होतं आणि खाली मोटार जोडायची सोय होती, म्हणून काम सोपं झालं. सोपं म्हणजे किती, तर चिप बसवली कॅमेऱ्यात, पण तिची बॅटरी, चित्रं साठवायची पेटी आणि बघायचा छोटा पडदा हे सगळं वेगळ्या खोक्यात, खांद्याला अडकवून न्यायचं, मधून तार. किंमत वीस-पंचवीस हजार डॉलर. ती घेणारे वृत्तपत्रांचे फोटोग्राफर होते, कारण त्यांना फोटो त्याच रात्री छापायला पाठवायचा असे. सगळे मिळून हजारसुद्धा विकले गेले नाहीत.

आणि एवढं करून चिप फिल्मच्या चौकटीएवढी नव्हतीच. निम्म्याहूनही लहान होती. का? यासाठी दिवाळीचं शंकरपाळं डोळ्यांसमोर आणा. चिप बनते सिलिकॉनच्या गोल चकतीवर, लाटलेल्या पोळीसारखी. समजा पोळीत चार बारीक खडे राहिले. लहान लहान साठ शंकरपाळी कापली तर चार टाकून द्यावी लागतील, छप्पन्न हाती लागतील. पण त्याच पोळीचे सहाच मोठे तुकडे केले, तर चार तुकड्यांत खडा आणि चांगले राहतील दोनच. चिपचं तेच. जेवढी मोठी, तेवढी वाया जाणारी जास्त, म्हणून तेवढी महाग. फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढ्या चिपचे कॅमेरे बाजारात यायला २००२ साल उजाडलं. लहान चिप जुन्या कॅमेऱ्यात घातली की भिंग सगळं दाखवतं पण चिप मधलंच टिपते. वरातीचा फोटो काढला तर नवरा-नवरी येतील, कडेच्या करवल्या जातील.

मग १९९८मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीनं जाहीर केलं की आम्ही रोलच्याच आकाराचं डिजिटल काडतूस करतो. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, मागचं झाकण उघडायचं, रोल घालतो तसं घालायचं, झाकण लावायचं. पुढं तिचं नाव सिलिकॉन फिल्म झालं. जगभरच्या फोटोवाल्यांनी वाट बघितली. वहिनींना शहरात जे सांगितलं गेलं, ते याच स्वप्नाचं गावठी रूप होतं. काडतूस प्रदर्शनात मांडलं गेलं, त्यात २४ चित्रं मावणार असंही सांगितलं गेलं. पण ते दुकानात कधी आलंच नाही. २००१ साली कंपनीचं काम थांबलं.

त्या काडतुसाची अडचण जाडीची होती, तशी वेळेचीही. एफएम २सारखा कॅमेरा पूर्ण यांत्रिक. आतली बॅटरी फक्त उजेड मोजायला, बॅटरी नसली तरी फोटो निघतो. फिल्म बिचारी अंधारात पडून असते, पडदा उघडला की टिपते, तिला कुणी आधी उठवावं लागत नाही. चिपला मात्र आधी सांगावं लागतं की आता उजेड येतोय, जुनं पुसून तयार राहा. बटण दाबल्याचं तिला कळवायला या कॅमेऱ्यात तारच नाही. फ्लॅशला इशारा जातो, पण तो पडदा पूर्ण उघडल्यावर. तोवर उशीर झालेला असतो. बरं, चिप सतत जागी ठेवली तर ती तापते, बॅटरी संपते आणि चित्रात कण्यांसारखे दाणे उठतात.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिपवरचे ठिपके म्हणजे लाखो बारीक विहिरीच. दुपारी बारा वाजता ऊन विहिरीच्या तळाला पोचतं, सकाळी-संध्याकाळी तिरपं ऊन काठावरच अडतं. जुन्या भिंगांतून कडेला जाणारा उजेड असाच तिरपा येतो. फिल्मला त्याचं काही नसतं, ती सपाट शेतासारखी. चिपच्या मात्र कडा काळवंडतात. नवे कॅमेरे करताना प्रत्येक ठिपक्यावर बारीक भिंग बसवून उजेड आत वळवावा लागला.

आणि धग. तव्याची धग डोळ्यांना दिसत नाही पण हाताला लागते. तसा एक न दिसणारा प्रकाश असतो, तो नेहमीच्या फिल्मला दिसत नाही, चिपला दिसतो. म्हणून चिपवर तो अडवणारी काच लावावी लागते, म्हणजे जाडी आणखी वाढली. जर्मनीच्या लायका कंपनीनं २००६ साली एम ८ नावाचा डिजिटल कॅमेरा काढला. जुनी भिंगं नीट चालावीत म्हणून त्यात ही काच फार पातळ ठेवली. परिणाम काय, तर काही काळे कपडे फोटोत जांभळे येऊ लागले! संक्रांतीला आपण नेसलेल्या काळ्या साड्या त्यात कशा दिसल्या असत्या, विचार करा. शेवटी कंपनीला गिऱ्हाइकांना भिंगापुढं लावायच्या काचा द्याव्या लागल्या. कॅमेरा बनवण्यात ज्यांची हयात गेली त्यांची ही गत, तर पंधरा हजारांत कोण काय बसवून देणार होतं?

जिथं जमलं तेही सांगायला हवं. मोठ्या स्टुडिओतल्या हॅसलब्लाडसारख्या कॅमेऱ्यांत फिल्मचा डबा मागं वेगळा असतो, काढता-घालता येतो. तिथं तो डबा काढून डिजिटल डबा लावता आला, आणि १९५७ सालापासूनच्या हॅसलब्लाडला तसा डबा आजही बसतो. लायकानंही आपल्या दोन फिल्म कॅमेऱ्यांसाठी २००५च्या सुमारास डिजिटल पाठ विकली, पण त्या दोन नमुन्यांपलीकडं ती कशालाच लागत नव्हती. अलीकडं स्वित्झर्लंडमधली एक छोटी कंपनी लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन रोलच्या जागी बसणारी चिप बनवते. बाकी सामानाचा डबा कॅमेऱ्याच्या बुडाशी लटकतो. किंमत आपल्या पंधरा हजारांत बसत नाही.

तर आक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. मोबाईलमध्ये कॅमेरा मावतो कारण त्यातली चिप डाळीच्या दाण्याएवढी आणि भिंग तिच्याच मापाचं, तिच्यापासून काही मिलिमीटरवर. दोघं एकमेकांसाठी घडवलेले. वहिनींचा डबा मोठा आहे, पण त्यातली मोकळी वाटणारी जागाही फिल्मच्या मापानं कोरलेली आहे.

पुढच्या सभेत हे सगळं आम्ही मांडलं. वहिनी गप्प बसून ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हा आता शोभेलाच." आम्हाला वाईट वाटलं. शोधायला गेलो होतो मदत करायला आणि हाती आला नकार.

पण भिंगाचं काय, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नव्हतं. निकॉननं भिंग अडकवायचं कडं १९५९ साली ठरवलं आणि पुढं डिजिटल आल्यावरही तेच ठेवलं. नगरला एका फोटोग्राफर भावांकडं आम्ही वहिनींना घेऊन गेलो. त्यांनी मालकांच्या कॅमेऱ्याचं ५०चं भिंग काढलं आणि आपल्या डिजिटल निकॉनला लावलं. खट् करून बसलं. फोकस हातानं फिरवावा लागला, उजेडाचा अंदाज स्वतः घ्यावा लागला. लहान चिपमुळं कडा कापल्या जातात म्हणून चेहरा जवळ आला, आणि पासपोर्ट फोटोला ते सोयीचंच. पहिला फोटो वहिनींचाच काढला. त्यांनी पडद्यावर बघितला आणि पदर डोळ्यांना लावला.

गटानं ठराव केला. चिप बसवायला कर्ज नाही, जुना डिजिटल निकॉन घ्यायला कर्ज. त्या शहरातल्या गृहस्थाकडं आम्ही चौघी गेलो. तीन हजारांपैकी दोन हजार परत मिळाले.

दुकान उघडून आता पाच महिने झाले. पासपोर्ट फोटो आहेतच, पण खरं काम निघालं ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून. मालकांनी निगेटिव्ह टाकल्या नव्हत्या. वहिनी निगेटिव्हमागं पांढरा उजेड ठेवतात, त्याच जुन्या भिंगाला जवळचं दिसायची कडी लावून डिजिटलवर तिचा फोटो घेतात, आणि भाचा कॉम्प्युटरवर रंग उलटे करून सुलटे करतो. रोलच्या कॅमेऱ्यात चिप बसली नाही, पण रोल मात्र चिपवर येऊ लागले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. १९६४ साली ते सुरू झालं, तोवर किती तरी रिळं गेली होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच तिथं उरलं आहे. २००३ साली संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची कितीतरी रिळं जळाली. सरस्वतीबाईंनी भोकं पाडलेल्या पट्टीचं पुढं काय होतं ते असं. आपल्या घरच्या निगेटिव्ह तशा पेट घेत नाहीत, पण दमटपणानं कुजतात. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा, फिल्म खराब व्हायला लागली. तिचं काम आधी करा आणि ती बाकीच्यांपासून बाजूला ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा. जागा धान्याच्या कोठीसारखी कोरडी हवी, आणि भिंतीला टेकून नको. पकडताना कडेनंच धरा.

आमच्या गटातल्या एका ताईंना त्यांच्या आईचा एकही फोटो नव्हता. आई १९९७ साली गेल्या. पेटीतल्या एका लग्नाच्या रोलमध्ये हळद लावणाऱ्या बायकांच्या घोळक्यात त्या सापडल्या. अर्धा चेहरा पदराआड, हातात हळदीची वाटी.

पेटीत अजून दीडशेच्या आसपास पाकिटं आहेत. मालक पाकिटावर तारीख आणि गाव लिहायचे, नाव लिहायचे नाहीत. तुमच्या घरचं लग्न १९८६ ते २००८ या काळात आमच्या भागात झालं असेल, तर सभेला येताना लग्नपत्रिका घेऊन या. पत्रिका नसेल तर गाव आणि तिथी तरी विचारून या, तारीख आम्ही पंचांगावरून काढू.